गोठ्यातील औषध आणि माणसाचा जीव

साखरखेर्डा म्हटले की इतिहासाच्या वाचकाला १७२४ सालची लढाई आठवते. निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यातील त्या युद्धाने पुढच्या सव्वादोनशे वर्षांचे हैदराबाद घडवले. भाविकाला प्रल्हाद महाराज रामदासी यांचे स्मरण होते. परंतु बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील या गावाचा रोजचा व्यवहार सोयाबीन, कापूस, तूर आणि गोठ्यातील दोन-चार जनावरांवर चालतो. पाऊस दगा देतो, भाव कोसळतो, तेव्हा घर सावरून धरते ते म्हशीचे दूध आणि ऐन गरजेला विकलेली शेळी. म्हणूनच पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकले जातात आणि दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी असा त्यांचा मान होतो.

या कृतज्ञतेला तोड नाही. मात्र पोळा येतो त्याच दिवसांत गुरांभोवती घोंघावणाऱ्या मोठ्या माश्यांचीही चलती असते. कुणी त्यांना गोमाशी म्हणतो, कुणी घोडमाशी. ही माशी एका जनावराचे रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर जाऊन बसते आणि सोंडेला लागलेल्या रक्तातून एक सूक्ष्म परजीवी इकडून तिकडे पोचवते. त्याचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. त्याच्यापासून होणारा रोग म्हणजे सर्रा. इंग्रजी शब्दकोश या शब्दाचे मूळ मराठीत शोधतात. नाकपुड्यांतून जोराने येणाऱ्या श्वासाच्या आवाजावरून तो आला, असे ते सांगतात. ज्या रोगाला मराठी माणसाने नाव दिले, त्याची मराठी मुलखातील आजची ओळख मात्र पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकापुरती उरली आहे, हे काही भूषणावह नाही.

घोड्याला आणि उंटाला सर्रा बहुधा जिवंत सोडत नाही. बैल-म्हशींत तो दबा धरून बसतो. मधूनच ताप येतो आणि उतरतो, दूध आटते, गाभण म्हैस गाभडते, जनावर हळूहळू वाळत जाते. कधी तो उग्र रूप धारण करतो; मग जनावर गोल चकरा मारते, दावणीला डोके टेकून उभे राहते आणि एक-दोन दिवसांत संपते. वाघालाही तो सोडत नाही. जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच रोगाच्या साथीत डझनभर वाघ दगावले. तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. त्याच पावसाळ्यात देशाच्या गोठ्यांत किती बैल-म्हशी गेल्या, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

माणसाला मात्र हा परजीवी काही करू शकत नाही, असे शास्त्र शंभराहून अधिक वर्षे सांगत आले. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करातील पशुवैद्याने तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईलखान येथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारे हे जीव पाहिले. रोगी जनावराचे रक्त निरोगी घोड्याला टोचून, हेच रोगाचे कारण आहे, हेही त्याने दाखवून दिले. उंदरांच्या रक्तात असेच जीव निरुपद्रवीपणे राहतात, असे सांगून कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याला वाटेला लावले. पशुवैद्याचे ऐकायचे नाही, ही सरकारी परंपरा अशी जुनी आहे. पुढे इव्हान्स खरा ठरला आणि त्याचेच नाव परजीवीला मिळाले. तरीही हा जनावरांचा रोग आहे, माणसाचे रक्त त्याला पचत नाही, हा विश्वास कायम राहिला.

तो विश्वास तुटला आपल्याच विदर्भात. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यातला, गुरे पाळणारा शेतकरी नागपूरच्या डॉक्टरांपुढे आला. पाच महिने त्याला ताप येत-जात होता. हिवतापाच्या प्रदेशात असा ताप कुणालाही हिवतापच वाटावा. रक्ताच्या तपासणीत मात्र ट्रिपॅनोसोमा दिसले. डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार तेथेच सोडून दिला नाही. फिलिप ट्रुक या फ्रेंच संशोधकासह परदेशी तज्ज्ञांची मदत घेऊन रेणवीय चाचण्यांनी परजीवीची ओळख पटवण्यात आली. तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच होता. २००५ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा माणसातील या जातीच्या संसर्गाची पक्की सिद्ध झालेली ती जगातील पहिली नोंद ठरली. एरवी आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जाणारे सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवून त्या शेतकऱ्यावर उपचार झाले आणि तो बरा झाला. परजीवी मेंदूपर्यंत पोचला नव्हता, हे त्याचे भाग्य.

डॉक्टर रुग्ण बरा करून थांबले नाहीत, त्या गावात गेले. १,८०६ लोकांचे रक्त तपासले गेले. पहिल्या चाचणीत ४१० जण, म्हणजे शेकडा २२.७, सकारात्मक निघाले. रक्तद्रवाची फेरचाचणी केल्यावर ही संख्या ८१ वर आली. त्यांतील जोरदार प्रतिक्रिया दाखवणाऱ्या ६० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष परजीवी शोधला असता तो एकातही सापडला नाही. याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की या भागातील माणसांच्या शरीरात हा परजीवी वारंवार शिरत असावा आणि शरीर त्याला प्रत्येक वेळी मारून टाकत असावे. मग त्या एकाच माणसात तो का टिकला?

याचे उत्तर ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेतून आले. माणसाच्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-वन नावाचे एक प्रथिन असते. परजीवीला भोक पाडून फोडण्याचे काम ते करते. त्या शेतकऱ्याला आई-वडिलांकडून मिळालेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या, त्यामुळे हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. प्रयोगशाळेत ते बाहेरून मिसळताच त्याचे रक्त परजीवी मारू लागले. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. अत्यंत दुर्मीळ जन्मजात दोषाचा हा प्रश्न होता, इतरांनी निश्चिंत असावे, असा तो निष्कर्ष होता.

ही निश्चिंती दहा वर्षेही टिकली नाही. व्हिएतनाममध्ये एका महिलेला याच परजीवीचा संसर्ग झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिची दोन्ही जनुके शाबूत होती आणि रक्तातील प्रथिनाचे प्रमाणही नेहमीसारखे होते. कच्चे गोमांस कापताना झालेल्या जखमेतून परजीवी शरीरात गेला असावा, असा तर्क आहे. म्हणजे निसर्गाने दिलेले कवच शाबूत असूनही ते भेदले जाऊ शकते. अशी प्रकरणे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. घाबरून जाण्याचे कारण नाही. दुधाबद्दल तर शंकाच नको. हा परजीवी रक्तावाटे पसरतो आणि उकळलेल्या दुधात तो जगत नाही. खरी चिंता आहे ती संसर्ग झालाच तर हाताशी असणाऱ्या औषधांची.

आणि ही औषधे जवळजवळ सगळी आजोबांच्या काळातील आहेत. सुरामिनचा शोध जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या दिवसांतला. जनावरांसाठी वापरली जाणारी क्विनापायरामीन, डायमिनाझीन, आयसोमेटामिडियम ही गेल्या शतकाच्या मध्यावरची. त्यातल्या त्यात नवे म्हणावे ते मेलार्सोमीन १९८० च्या दशकातील. लस नाही आणि ती नजीकच्या काळात येण्याची चिन्हेही नाहीत. कारण हा परजीवी बहुरूप्यासारखा आपल्या अंगावरचे प्रथिनाचे आवरण सतत बदलत राहतो. शरीराने एक रूप ओळखून त्याविरुद्ध शस्त्र तयार करावे, तोवर याने दुसरे रूप घेतलेले असते. तापाचे चढ-उतार होतात ते यामुळेच. गरीब देशांतल्या गुरांच्या रोगावर नवे औषध शोधण्यात बड्या कंपन्यांना रस नाही, हे वेगळे सांगायला नको. आहेत ती चार-पाच औषधेच काय ती आपली शिदोरी.

ती शिदोरी किडू लागली आहे. सुदानमधील उंटांत सुरामिन निष्प्रभ होत असल्याच्या नोंदी जुन्या आहेत. क्विनापायरामीनची कथा तर अधिक बोलकी आहे. आफ्रिकेत त्याचा मनमुराद वापर झाला, परजीवी त्याला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. उंट-घोड्यांच्या सर्र्यासाठी दुसरा चांगला पर्याय नव्हता म्हणून १९८४ मध्ये ते पुन्हा आणले गेले. या औषधाला सरावलेला परजीवी डायमिनाझीन आणि आयसोमेटामिडियमलाही सरावू शकतो, हा अनुभव आफ्रिकेतलाच. भारतात सर्र्यावर मुख्य भिस्त आहे ती याच क्विनापायरामीनवर.

परजीवी औषधाला सरावतो म्हणजे काय करतो? डायमिनाझीन पेशीत शिरते ते एका ठरावीक वाहक प्रथिनाच्या दारातून. लक्षावधी परजीवींतील एखाद्याचे हे दार जन्मतःच मोडके असते. औषधाची पूर्ण मात्रा मिळाली तर किरकोळ गळतीनेही तो मरतो. अर्धी मात्रा मिळाली तर दार उघडे असलेले त्याचे भाऊबंद तेवढे मरतात आणि मैदान त्याला मोकळे मिळते. पुढच्या माशीबरोबर शेजारच्या गोठ्यात जातो तो हाच निवडलेला, परीक्षा उत्तीर्ण झालेला परजीवी.

अर्धी मात्रा नेमकी कशी दिली जाते, हे कोणत्याही खेड्यात पाहायला मिळते. डायमिनाझीनचे नेहमीचे प्रमाण जनावराच्या वजनाच्या प्रत्येक किलोस साडेतीन मिलिग्रॅम असते. चारशे किलोच्या बैलाला १,४०० मिलिग्रॅम हवे. टोचणाऱ्याने नजरेने अंदाज बांधून अडीचशे किलो धरले की बैलाला मिळतात ८७५. छातीचा घेर आणि अंगाची लांबी फितीने मोजून वजन काढण्याची साधी रीत आहे. पण फीत खिशात कोण ठेवतो? त्यातून औषध महाग, मालक अडचणीत. मग एकाच कुपीत दोन जनावरे ‘भागवली’ जातात. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. हेच डायमिनाझीन गोचिडांमुळे होणाऱ्या, लघवी लाल करणाऱ्या बबेसिया तापावरही चालते. त्यामुळे जनावराला ताप दिसला की काचपट्टीवर रक्ताचा थेंबही न घेता ही सुई टोचण्याची पद्धत पडून गेली आहे. ताप उतरला तर उपचार यशस्वी. त्याच जनावरात दबा धरून बसलेल्या सर्र्याच्या परजीवीला मात्र औषधाची ओळख फुकटात होऊन जाते. पोळ्याला पूजा आणि तापाला अर्धी सुई, अशी ही आपली गोभक्ती.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. श्रेणी-दोनचा दवाखाना पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर, पशुधन विकास अधिकाऱ्याकडे अनेक गावांचा भार, लसीकरणाची उद्दिष्टे, योजनांचे कागद. रात्री म्हैस चकरा मारू लागली की जो येईल तो डॉक्टर. पिशवीत चार कुपी घेऊन दुचाकीवर फिरणाऱ्या अर्धशिक्षिताला नावे ठेवणे सोपे आहे. तो नसता तर रात्री कोण आले असते, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे.

या वाटेचा शेवट कोठे होतो, हे देशाने एकदा पाहिलेले आहे. काळा आजाराचा परजीवी लिशमानिया हा सर्र्याच्या परजीवीचा जवळचा नातलग, एकाच कुळातला. बिहारमध्ये त्यावर कित्येक दशके अँटिमनीची इंजेक्शने दिली जात. वैदूंपासून दुकानदारांपर्यंत सगळे ती देत. कुणी चार दिवस, कुणी आठ, कुणी अर्धी मात्रा. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्ण आणि योग्य मात्रा देऊनही बिहारमधील रुग्णांपैकी फक्त शेकडा ३५ बरे झाले. शेजारच्या उत्तर प्रदेशातील रुग्णांत हेच प्रमाण ८६ होते. देश तोच, औषध तेच, मात्रा तीच. एका प्रांतात ते आधीच्या बेशिस्त वापराने बोथट झाले होते, दुसऱ्यात त्याला अजून धार होती. बिहारला नव्या, महागड्या औषधांकडे वळावे लागले आणि सुदैवाने ती उपलब्ध होती. सर्र्याच्या बाबतीत तशी रांग लागलेली नाही.

या पार्श्वभूमीवर हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील काम मोलाचे वाटते. तेथील पशुवैज्ञानिक डॉ. अंजू मनुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्विनापायरामीन हेच जुने औषध समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या अतिसूक्ष्म कणांत भरले. औषध कणांतून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे कमी मात्रेतही परजीवीवर चांगला परिणाम होतो आणि त्याची विषारी बाजू सौम्य होते, असे प्रयोगशाळेतील त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. नवे औषध मिळत नसेल तर जुन्यालाच धार लावण्याचा हा स्वदेशी मार्ग आहे. अशा संशोधनाला प्रसिद्धी मिळत नाही, पैसा त्याहून कमी मिळतो. प्रयोगशाळेतील कुपी साखरखेर्ड्याच्या गोठ्यापर्यंत पोचायला किती वर्षे लागतील, हे संशोधकांच्या हाती नाही. दरम्यान आज हाती असलेल्या औषधाची धार टिकवणे तरी गावाच्या हाती आहे.

गोशाळा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांवर यातील मोठी जबाबदारी येते. निरनिराळ्या जिल्ह्यांतून सोडवून आणलेली, कुपोषित, दमलेली गुरे एका आवारात एकत्र येतात. दबलेला सर्रा उफाळून यायला अशी थकलेली जनावरेच सोयीची असतात आणि माशीला तर मेजवानीच. नव्याने आलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे, त्याचे रक्त तपासून घेणे, शेणाचा उकिरडा आणि साचलेले पाणी गोठ्यापासून दूर ठेवणे, एका सुईने एकच जनावर टोचणे, याला फार पैसा लागत नाही. भावनेच्या भरात नवे जनावर थेट कळपात सोडले जाते, त्यात गोसेवा होत नाही.

राहिला प्रश्न शासनाचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नागपूरला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ या संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहण्याचा त्यामागील विचार स्तुत्य आहे, आणि चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्यावर ज्या शहरात उपचार झाले, तेथेच ही संस्था व्हावी हे औचित्यही मोठे आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे, त्याची पदव्युत्तर संस्था अकोल्याला, बुलडाण्याच्या शेजारी. विदर्भात ज्ञानाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो खालच्या पायरीवर, जेथे माणसाचा दवाखाना आणि जनावराचा दवाखाना एकाच गावात असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापासाठी सूक्ष्मदर्शक असतो, रंगद्रव्य असते, काचपट्टी पाहण्याची सवय असलेला तंत्रज्ञ असतो. हिवतापाचा परजीवी ज्या रंगाने दिसतो त्याच रंगाने सर्र्याचाही दिसतो. जुनाट रोगात रक्तातील परजीवी कमी असल्याने काचपट्टी फसवू शकते आणि तेव्हा नमुना अकोला किंवा नागपूरला पाठवावा लागेल, हे खरे. पण तापाने फणफणलेल्या जनावरात ती पुष्कळदा खरे सांगते. सुई टोचण्यापूर्वी जनावराच्या कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आला, तर औषध कोणते द्यायचे, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. गुरे सांभाळणाऱ्या माणसाचा ताप हिवतापाच्या औषधाने उतरत नसेल, तर त्याच्या काचपट्टीत आणखी काय शोधायचे, हेही तंत्रज्ञाला ठाऊक होईल. गोठ्यातील काचपट्टी आरोग्य केंद्रात नेण्यास नेमका कोणता नियम आड येतो, आणि येत असेल तर तो दूर करण्यास कोणाची सही लागते, एवढे तरी बुलडाण्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या पावसाळ्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या सभेत विचारावे.